इमेज सिक्वेन्समधील पार्टिकल टाइमलाइनवर बिघडलेले दिसतात तेव्हा

ठिणग्या, धूर, धूळ, पाऊस किंवा उडणारी राख असा पार्टिकल इफेक्ट एका सॉफ्टवेअरमध्ये तयार करायचा, त्याची इमेज सिक्वेन्स (क्रमाने सुटी चित्रे) रेंडर करायची, म्हणजे संगणकाकडून काढून घ्यायची, आणि ती एडिटिंगच्या टाइमलाइनवर मूळ चित्रीकरणाच्या वर ठेवायची, ही रोजची पद्धत आहे. आणि या एका टप्प्यावर तोच तो बिघाड पुन्हा पुन्हा उद्भवतो. मी तो स्वतःच्या आणि इतरांच्या कामात इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की तपासण्यांचा क्रम आता पक्का झाला आहे. तो येथे मांडण्याचे कारण एवढेच की बिघाड दिसताच पार्टिकल पुन्हा रेंडर करायला बसणारे अनेक जण मी पाहिले आहेत, आणि रात्रभर चाललेल्या रेंडरनंतर सकाळी तोच बिघाड जसाच्या तसा समोर आलेलाही पाहिला आहे.

याचे मूळ इमेज सिक्वेन्सच्या स्वरूपातच आहे. व्हिडिओ फाइल आपला फ्रेम रेट सोबत घेऊन येते. इमेज सिक्वेन्स म्हणजे मात्र क्रमांक दिलेल्या सुट्या चित्रांचा गठ्ठा असतो. एका सेकंदात किती चित्रे दाखवायची, पारदर्शकता कोणत्या पद्धतीने साठवली आहे, रंग लिनिअर (प्रकाशाच्या थेट प्रमाणात साठवलेले) आहेत की पडद्यासाठी आधीच रूपांतरित केलेले आहेत, यांपैकी बरेचसे त्या चित्रांत लिहिलेले नसते, आणि लिहिलेले असले तरी एडिटिंगचे सॉफ्टवेअर ते वाचतेच असे नाही. मग सॉफ्टवेअर स्वतः काहीतरी गृहीत धरते. दोष बहुतेक वेळा चित्रांत नसून त्या गृहीतकात असतो, म्हणून पुन्हा रेंडर करणे ही सर्वांत शेवटची पायरी समजावी.

लक्षणे

पुढीलपैकी एक किंवा अनेक गोष्टी एकदम दिसू शकतात. कोणते लक्षण नेमके कशावर दिसते आहे, हे तपासणीला बसण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावे.

- टाइमलाइनवर हालचाल न येता एकच स्थिर चित्र येते, किंवा शेकडो सुटी चित्रे येतात.
- इफेक्ट अपेक्षेपेक्षा लवकर संपतो किंवा रेंगाळतो. १० सेकंदांचा धूर साधारण ८.३ सेकंदांत विरतो.
- मध्येच एखाद्या फ्रेमला पार्टिकल गायब होतात, रंगीत पट्टे दिसतात किंवा क्लिपचे दोन तुकडे होतात.
- प्रत्येक कणाभोवती काळसर कड दिसते, विशेषतः उजळ आकाशावर किंवा पांढऱ्या भिंतीवर.
- कडा करवतीसारख्या टोकदार आणि जास्त उजळ दिसतात.
- ठिणग्यांभोवतीची चमक नाहीशी होते आणि उरतात फक्त फिकट ठिपके.
- संपूर्ण फ्रेमभर हलका दुधी पडदा येतो आणि त्याची चौकट मूळ चित्रावर दिसते.
- सगळा इफेक्ट काळवंडलेला दिसतो.
- प्लेबॅक अडखळतो, पण अंतिम एक्सपोर्टमध्ये सगळे ठीक असते.
- एका ठरावीक फ्रेमला सगळे कण एकदम जागा बदलतात.

पहिली तपासणी: फोल्डर उघडून पाहणे

हिला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही, म्हणून ती सर्वांत आधी करावी. फाइलींची संख्या मोजावी आणि ती रेंडरच्या फ्रेम-मर्यादेशी जुळते का ते पाहावे. १ ते २५० अशी मर्यादा असेल तर २५० फाइली हव्यात. २४९ असतील तर एक कोठेतरी हरवली आहे, आणि १२५ असतील तर रेंडर एक सोडून एक फ्रेम घेत होता.

त्यानंतर नावे पाहावीत. क्रमांक शून्यांनी भरून समान अंकांचे केलेले असावेत, म्हणजे ०००१, ०००२, ०००३ असे. ते १, २, ३ असे सुटे असतील तर अक्षरक्रमाने लावताना १ नंतर १०, मग १०० आणि त्यानंतर कधीतरी २ येतो. येथे एक गोष्ट फसवी आहे. संगणकाची फोल्डरची खिडकी हल्ली असे क्रमांक समजून घेऊन क्रम बरोबर दाखवते, त्यामुळे पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. एडिटिंगचे सॉफ्टवेअर मात्र तसे समजून घेईलच असे नाही. नावे एकगठ्ठा बदलून देणारे कोणतेही साधन यासाठी पुरते. बदल करण्यापूर्वी फोल्डरची प्रत मात्र काढून ठेवावी.

शेवटी फाइली आकारानुसार लावाव्यात. शून्य बाइटची फाइल म्हणजे अर्धवट थांबलेल्या रेंडरची खूण असते. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये 'प्लेसहोल्डर्स' हा पर्याय चालू असेल तर प्रत्येक फ्रेमसाठी आधी रिकामी फाइल तयार होते आणि मग ती भरली जाते. मध्येच संगणक बंद पडला तर ती रिकामी फाइल तशीच राहते, आणि 'ओव्हरराइट' (असलेल्या फाइलीवर पुन्हा लिहिणे) बंद असेल तर पुढच्या वेळी रेंडर तिला पूर्ण झालेली समजून ओलांडून जातो. अशी फाइल हाताने काढून टाकावी आणि तेवढीच फ्रेम पुन्हा रेंडर करावी. सुरुवातीच्या काही फ्रेम लहान असल्या म्हणून मात्र घाबरू नये. कण अजून जन्मलेलेच नसतात तेव्हा पूर्ण पारदर्शक पीएनजी फाइल अगदी छोटी होते, पण शून्य बाइटची होत नाही. स्फोट ऐन भरात असताना एखादी फाइल शेजारच्या फाइलींच्या मानाने एकदम लहान दिसली, तर ती स्वतंत्रपणे उघडून पाहावी.

दुसरी तपासणी: आयात कशी केली

प्रीमिअर प्रो आणि आफ्टर इफेक्ट्स यांच्या आयातीच्या खिडकीत पहिली फाइल निवडून सिक्वेन्सचा चौकोन टिचकी मारून चालू करावा लागतो. तो राहून गेला तर एकच चित्र येते. डाविंची रिझॉल्व्हमध्ये मीडिया पेजवर चित्रे सिक्वेन्स म्हणून दाखवायची की सुटी, याची वेगळी निवड आहे. क्रमांकात खंड असेल तर आफ्टर इफेक्ट्स हरवलेल्या फ्रेमच्या जागी रंगीत पट्टे दाखवते. क्रमांकातील खंड आणि रंगीत पट्टे यांचे मूळ एकच असल्याने पहिली तपासणी प्रामाणिकपणे केलेली असेल तर येथे पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ जात नाही.

तिसरी तपासणी: फ्रेम रेट

वर लिहिलेल्या ८.३ सेकंदांचा हिशेब असा आहे. २५ फ्रेमच्या दराने रेंडर केलेल्या २५० फ्रेम १० सेकंद चालायला हव्यात. सॉफ्टवेअरने ३० गृहीत धरले की त्याच फ्रेम ८.३३ सेकंदांत संपतात. आफ्टर इफेक्ट्स इमेज सिक्वेन्ससाठी मुळात ३० गृहीत धरते, एफएफएमपेग हे व्हिडिओ रूपांतराचे साधन २५ धरते, तर प्रीमिअर प्रो आपल्या मीडियाच्या प्राधान्यक्रमांत ठरवलेला दर लावते. त्यामुळे एकच फोल्डर तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या लांबीचे दिसू शकते.

दुरुस्ती आफ्टर इफेक्ट्स व प्रीमिअर प्रोमधील 'इंटरप्रिट फुटेज' किंवा रिझॉल्व्हमधील 'क्लिप अॅट्रिब्यूट्स' या ठिकाणी खरा दर लिहून करावी. क्लिपचा वेग टक्क्यांत बदलून कधीही करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. वेग बदलला की सॉफ्टवेअर काही फ्रेम गाळते, दुहेरी करते किंवा दोन फ्रेम मिसळून नवी बनवते, आणि हालचालीचा माग घेऊन मधल्या फ्रेम बनवणारी ऑप्टिकल फ्लोसारखी पद्धत लहान, वेगवान आणि एकसारख्या दिसणाऱ्या कणांपैकी कोणता कण कोठे गेला हे ओळखू शकत नाही, म्हणून ठिणग्यांच्या जागी ओघळ दिसू लागतात. दर नुसता योग्य सांगितला तर एकही फ्रेम बदलत नाही.

सिक्वेन्स २४ च्या दराची आणि टाइमलाइन २५ ची असेल तेव्हा काय करावे, हा प्रश्न नेहमी येतो. धूर, धुके, पाऊस यांसाठी मी सरळ २५ लिहून मोकळा होतो. २४० फ्रेमचे १० सेकंद ९.६ सेकंद होतात आणि हा ४ टक्क्यांचा फरक पाहणाऱ्याला जाणवत नाही. ठिणग्या एखाद्या आघाताच्या क्षणाशी किंवा संगीताच्या ठोक्याशी जुळवलेल्या असतील तर मात्र तो जाणवतो, आणि तेथे योग्य दराने सिम्युलेशन पुन्हा करण्याला पर्याय नाही.

चौथी तपासणी: अल्फा

या विषयातला खरा गुंता येथे आहे आणि मला सर्वाधिक वेळा येथेच दोष सापडला आहे. अल्फा म्हणजे चित्रातला प्रत्येक बिंदू किती अपारदर्शक आहे हे सांगणारा आकडा. पारदर्शकता साठवण्याच्या दोन पद्धती आहेत. स्ट्रेट अल्फामध्ये रंग पूर्ण ताकदीचा ठेवतात आणि तो किती दिसावा हे अल्फा सांगतो. प्रीमल्टिप्लाइड अल्फामध्ये रंगाला अल्फाने आधीच गुणून ठेवलेले असते. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये चित्रे एकमेकांवर ठेवण्याचे जे गणित मांडले, ते याच रूपावर उभे आहे. पीएनजी या प्रकाराचा नियम स्ट्रेटचा आहे, तर ओपनईएक्सआर या चित्रप्रकारात प्रीमल्टिप्लाइड ठेवण्याचा संकेत आहे. नियम असूनही प्रत्येक सॉफ्टवेअर तो पाळते असे समजू नये.

काळी कड कशी तयार होते ते आकड्यांत पाहिले की ती पुन्हा विसरत नाही. अर्धा पारदर्शक पांढरा कण पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवला तर काहीच दिसायला नको, म्हणजे उत्तर २५५ यायला हवे. प्रीमल्टिप्लाइड फाइलीत त्या कणाचा रंग १२८ असा साठवलेला असतो. सॉफ्टवेअरने त्याला स्ट्रेट समजून पुन्हा निम्मे केले की ६४ उरतात, त्यांत पार्श्वभूमीचे १२८ मिळाले की उत्तर १९२ येते, आणि पांढऱ्यावर राखाडी डाग उमटतो. कणाच्या मधोमध अल्फा पूर्ण असल्याने तेथे चूक होत नाही. ती कडेवर आणि हालचालीने धूसर झालेल्या भागात होते. पार्टिकल इफेक्टमध्ये असा अर्धपारदर्शक भागच जास्त असतो. म्हणूनच जी चूक एखाद्या लोगोवर बारीक रेषेइतकी दिसते, तीच धुरावर काजळीसारखी पसरते. उलट चूक झाली, म्हणजे स्ट्रेट फाइलीला प्रीमल्टिप्लाइड समजले, तर कडा टोकदार आणि भडक होतात.

तपासण्यासाठी क्लिपच्या खाली आधी शुभ्र पांढरा आणि मग काळा असे दोन सपाट थर ठेवून पाहावे. काळ्यावर कड काळ्यात मिसळून जाते, आणि म्हणूनच रात्रीच्या दृश्यात ही चूक अनेक दिवस लपून राहते व दिवसाच्या उजेडातील पहिल्याच दृश्यात उघडी पडते. पांढऱ्यावर कड दिसली तर 'इंटरप्रिट फुटेज'मध्ये किंवा 'क्लिप अॅट्रिब्यूट्स'मध्ये अल्फाची पद्धत बदलावी. आफ्टर इफेक्ट्समध्ये 'गेस' नावाचे बटण आहे. नावाप्रमाणेच तो अंदाज असतो, निर्णय पांढऱ्या थरावर पाहूनच करावा. रेंडर काळ्याऐवजी दुसऱ्या रंगाच्या पार्श्वभूमीशी मिसळून झालेला असेल तर कड त्या रंगाची दिसते. तेव्हा प्रीमल्टिप्लाइड निवडून तोच रंग सांगावा लागतो.

स्ट्रेट अल्फाची सिक्वेन्स अल्फाकडे दुर्लक्ष करणाऱ्या साधनात उघडली तर कणांच्या जागी रंगाचे ओबडधोबड ठोकळे दिसू शकतात. फाइल खराब झाली असे समजून चांगल्या सिक्वेन्स पुसून टाकल्याची उदाहरणे मला माहीत आहेत. ते ठोकळे अपेक्षितच असतात. अल्फा लागू झाला की ते झाकले जातात.

फ्रेमभर येणारा दुधी पडदा याच घरातला आहे. प्रीमल्टिप्लाइड क्लिपवर रंगदुरुस्ती करताना काळा वर उचलला की रिकाम्या, पूर्ण पारदर्शक भागालाही थोडा रंग मिळतो आणि तो पार्श्वभूमीत मिसळतो. रंगदुरुस्तीपूर्वी अनप्रीमल्टिप्लाय करावे, म्हणजे रंगाला अल्फाने भागावे, दुरुस्ती करावी आणि मग पुन्हा प्रीमल्टिप्लाय करावे. तसा पर्याय हाताशी नसेल तर काळा उचलणारे नियंत्रण वापरू नये.

पाचवी तपासणी: चमकणाऱ्या कणांचा ब्लेंड मोड

आग, ठिणग्या, जादुई धूळ हे स्वतः प्रकाश देणारे कण असतात. ते मागचा प्रकाश अडवत नाहीत, त्यात भर घालतात. त्यामुळे त्यांच्याभोवतीच्या चमकेत रंग असतो, पण अल्फा जवळजवळ शून्य असतो. प्रीमल्टिप्लाइड ओपनईएक्सआरमध्ये अशी जोडी सुखाने राहते. स्ट्रेट पीएनजीमध्ये मात्र अल्फा शून्य म्हणजे तो बिंदू दिसतच नाही, आणि चमक तेथे कायमची जाते. यावर सर्वांत स्वस्त उपाय असा की चमकणारे कण काळ्या पार्श्वभूमीवर अल्फाविना रेंडर करावेत आणि टाइमलाइनवर 'अॅड' किंवा 'स्क्रीन' ब्लेंड मोडने (वरचा थर खालच्या चित्रात मिसळण्याच्या पद्धतीने) ठेवावेत. 'अॅड'ने चमक जास्त खरी वाटते, पण उजळ भाग फुटतात; आठ बिटांच्या टाइमलाइनवर मी 'स्क्रीन'ला पसंती देतो. धूर आणि धूळ यांना ही युक्ती लावू नये, कारण गडद धूर मागचे चित्र झाकतो आणि 'स्क्रीन' मोड काहीही झाकू शकत नाही. एकाच इफेक्टमध्ये आग आणि धूर दोन्ही असतील तर दोन वेगळ्या सिक्वेन्स काढणे हाच नीट मार्ग आहे.

सहावी तपासणी: रंग

इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने २००३ मध्ये खुल्या केलेल्या ओपनईएक्सआर प्रकारात रंग सहसा लिनिअर असतात. लिनिअरमधले ०.१८ हे मध्यम राखाडी मूल्य एसआरजीबी या पडद्याच्या रंगपद्धतीत सुमारे ०.४६ व्हायला हवे. रूपांतर न करता ते तसेच दाखवले तर सगळा इफेक्ट काळवंडतो. अशा वेळी ब्राइटनेस वाढवून वेळ मारून नेऊ नये, क्लिपचा इनपुट कलर स्पेस लिनिअर असा सांगावा. दुसरे कारण ब्लेंडर वापरणाऱ्यांसाठी आहे. तेथे २.८० पासून 'फिल्मिक' आणि ४.० पासून 'एजीएक्स' हा व्ह्यू ट्रान्सफॉर्म (पडद्यावर दाखवण्यासाठीचे रंगरूपांतर) मुळात चालू असतो. तो पीएनजीमध्ये कायमचा उतरतो, ओपनईएक्सआरमध्ये उतरत नाही. त्यामुळे एकाच दृश्याच्या दोन सिक्वेन्स वेगळ्या दिसल्या तरी दोन्ही बरोबर असू शकतात. पातळ धुरात पायऱ्यांसारखे पट्टे दिसत असतील तर आठ बिटांच्या २५६ पातळ्या अपुऱ्या पडत आहेत असे समजावे, आणि पुढचा रेंडर १६ बिटांचा करावा.

सातवी तपासणी: अडखळणारा प्लेबॅक

१९२० × १०८० आकाराची, चार चॅनेलची, आठ बिटांची एक फ्रेम उलगडल्यावर सुमारे ८.३ मेगाबाइट होते. २५ च्या दराने सेकंदाला सुमारे २०७ मेगाबाइट. ३८४० × २१६० आकाराच्या १६ बिटी फ्रेमसाठी हाच आकडा १.६ गिगाबाइटच्या पुढे जातो, आणि शिवाय प्रत्येक फ्रेमसाठी वेगळी फाइल उघडावी लागते. येथे बिघाड काहीच नाही, ओझे जास्त आहे. सिक्वेन्स मूळ म्हणून जपून ठेवावी आणि टाइमलाइनसाठी तिची प्रोरेस ४४४४ (अल्फा जपणारा व्हिडिओ प्रकार) प्रत करावी. प्रोरेस ४२२ किंवा एच.२६४ निवडले तर अल्फा राहत नाही, आणि मग आधीची सगळी मेहनत वाया जाते.

आठवी तपासणी: सिम्युलेशन आणि कॅश

कण एका ठरावीक फ्रेमला उडी मारत असतील आणि तीच उडी मूळ चित्रांतही दिसत असेल, तर दोष खरोखर रेंडरमध्ये आहे. विल्यम रीव्ह्ज यांनी १९८३ मध्ये पार्टिकल सिस्टिमची पद्धत मांडली तेव्हापासून कणाचा वेग, रंग, आयुष्य या गोष्टी सरासरी आणि तिच्याभोवतीचा यादृच्छिक फरक यांतून ठरतात, आणि पुढची प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर उभी राहते. सीड (यादृच्छिक फरक ठरवणारा आकडा) बदलला, कॅश (कणांच्या हालचालीचा साठवलेला हिशेब) बेक न करता, म्हणजे आधी पूर्ण तयार करून न ठेवता, अर्ध्या फ्रेम एका संगणकावर आणि अर्ध्या दुसऱ्यावर काढल्या, किंवा मध्येच एखादे मूल्य बदलून उरलेला भाग रेंडर केला, की सांध्यावर उडी येते. कॅश पूर्ण बेक करून डिस्कवर साठवावा, सर्व संगणकांना तोच द्यावा, आणि उडीच्या अलीकडच्या व पलीकडच्या प्रत्येकी ५ फ्रेम काढून सांधा जुळल्याची खात्री झाल्यावरच पूर्ण रेंडर लावावा.

थांबून व्यावसायिकाला कधी बोलवावे

फाइली वाचताना डिस्क अडते, विचित्र आवाज करते किंवा दर वेळी वेगळ्याच फाइली खराब दाखवते, तर पहिल्याच तपासणीला थांबावे, त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे. दुरुस्तीची साधने चालवून पाहण्याचा मोह येथे सर्वांत महाग पडतो.

काम चित्रपटगृहासाठी किंवा प्रसारणासाठी जाणार असेल आणि सहाव्या तपासणीनंतरही रंग जुळत नसतील, तर कलरिस्टला, म्हणजे रंगदुरुस्तीच्या तज्ज्ञाला, विचारावे. तेथे मॉनिटर प्रमाणित नसताना स्वतःच्या डोळ्यांवर केलेली दुरुस्ती नंतर उलटवावी लागते. मूळ पार्टिकल प्रकल्प हरवला आहे, कॅश नाही आणि उरलेली सिक्वेन्स पार्श्वभूमीत कायमची मिसळलेली आहे, अशी स्थिती असेल तर तिच्यातून अल्फा ओढून काढण्यात दिवस घालवू नयेत. इफेक्ट नव्याने बांधणाऱ्या कलाकाराला ते काम द्यावे.

त्या व्यक्तीला पाठवताना दोष दिसणाऱ्या ५ सलग मूळ फ्रेम न बदलता द्याव्यात, स्क्रीनशॉट किंवा संकुचित व्हिडिओ देऊ नये. सोबत रेंडरचे सॉफ्टवेअर आणि त्याची आवृत्ती, फ्रेम रेट, अल्फाची पद्धत, कलर स्पेस, सीडचा आकडा आणि वरच्या तपासण्यांपैकी कोणत्या झाल्या व त्यांत काय दिसले, हे एका साध्या मजकूर-फाइलीत लिहून ती फाइल सिक्वेन्सच्याच फोल्डरमध्ये ठेवावी.